शेंदराखालचं पातं

या गं बायांनो, अशा पुढे सरका. दाराशी उभं राहून ऐकलेलं अर्धंच कानात जातं, आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनचं लावून गावभर सांगत सुटता. मागे मी नुसतं म्हटलं की कर्जतच्या वर घाटात जाऊन आले, तर तुमच्यातलीच एक हसली. म्हणाली, काशी झाली नाही, रामेश्वर झालं नाही, आणि मावशी कर्जतचं कसलं प्रवासवर्णन सांगणार? तुमच्या लेखी प्रवास म्हणजे माथेरानला जायचं, घोड्यावर बसून किंचाळायचं आणि मधाची बाटली घेऊन परत यायचं. मी रागावले नाही. पण आज मधेच उठून भात बघायला जायचं नाही, एवढं सांगून ठेवते.

दुसरी मोठी लढाई संपून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. आमच्या खालापुरात थंडी पडली की वरच्या वाडीतली पोशी ठाकरीण करांदे (डोंगरातले कंद, उकडून खातात) घेऊन येते. त्या दिवशी तिनं पाटी खाली ठेवली आणि डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. मी बघतच राहिले. पांढरीशुभ्र, रेशमासारखी तुळतुळीत चुंबळ. आम्हाला रेशनवर मांजरपाट मिळायची मारामार, आणि ही बाई करांद्यांच्या पाटीखाली रेशीम घालून फिरतेय.

मी म्हटलं, "पोशे, हे कापड कुठलं गं?"

"इमानाच्या छत्रीचं हाय. वर पडलंय ना इमान."

झाडावरून आंबा पडावा तसं सांगितलं तिनं. कधी पडलं म्हणून विचारलं, तर लढाईत, भर पावसात. आवाज झाला तेव्हा वाडीला वाटलं वीज पडली. पाऊस सरल्यावर गवत कापायला दरीकडे गेले तेव्हा दिसलं. सरकारला कळवलं नाहीत का विचारलं, तर माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत म्हणाली, "सरकारला कशाला? सरकार म्हनल तुमीच पाडलं, नि बांधून नेल."

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. मला आमची इंदू आठवली.

इंदू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दादरला दिलेली. तिचा नवरा माधव लढाईत विमान चालवायला गेला. एकट्यानं चालवायचं लहान विमान. एका पावसाळ्यात तो एका तळावरून निघाला, सह्याद्री ओलांडून पलीकडच्या तळावर उतरायचं होतं, आणि उतरला नाही. घरी तार आली, तिच्यात मेला असं नव्हतं. बेपत्ता, एवढंच होतं. त्या एका शब्दावर सासूबाई जगत होत्या. रोज रात्री माधवचं पान मांडायचं, मग उचलायचं. इंदूला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं, तिथं तिला घेतलंही होतं. सासूबाई म्हणाल्या, तो दारात आला आणि तू घरात नसलीस तर? झालं, ट्रेनिंग राहिलं. ना सवाष्ण ना विधवा, अशी ती पोर खिडकीशी बसून असायची. मला एकदा म्हणाली होती, मावशी, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण मला एक काय ते सांगा.

म्हणून मी तिला निरोप धाडला.

खालापूरहून खोपोलीपर्यंत बैलगाडी, खोपोलीहून कर्जतपर्यंत छोटी गाडी. मुंबईहून इंदू आधीच येऊन फलाटावर बसली होती. तिच्याबरोबर दिनकर होता. हा माधवचा दोस्त, तळावर विमानं दुरुस्त करणारा फिटर. लढाईनंतर मोटारींच्या कारखान्यात लागला होता. उंच, वाकून चालणारा, बोलायला कंजूष. इंदूच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला नारळ होता. मी विचारलं तर म्हणाली, सासूबाईंनी दिलाय. देवाला फोड आणि सांग, तो आमचा नसू दे.

कर्जतला घाटाच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, त्याला वेळ जातो. तेवढ्यात चहा घेतला. चहा कसला, गरम पाण्याला कपाचा रंग लागला होता. मी दिनकरला विचारलं की बाबा, सगळी विमानं सारखीच, तर तू ओळखणार कसं? त्यानं बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा नीट बोलला. विमानाच्या तोंडाशी पंखा असतो, त्याला तीन पाती. माधव निघाला त्याच्या आदल्या दिवशी पुढच्या विमानानं खडी उडवली आणि माधवच्या विमानाच्या तिन्ही पात्यांच्या कडांना खाचा पडल्या. अशा खाचा ठेवल्या तर तिथूनच पातं तडकतं. म्हणून दिनकरनं कानशीनं (लोखंड घासायचं हत्यार) घासून त्या खाचा पसरट केल्या.

"एकेका पात्याला तीन-चार तरी पसरट खळगे आहेत, मावशी. बोट फिरवलं की लागतील. माझ्याच हातचे आहेत. एक पातं मिळालं तरी पुरे."

एवढं सांगून पुन्हा बशीत बघत बसला. त्याच्या मनातलं मला दिसत होतं. आपल्या घासण्यात काही चुकलं का, ह्याची टोचणी तो इतकी वर्षं बाळगून होता.

ठाकुरवाडीला गाडी थांबते न थांबतेशी करते. फलाट म्हणावा असा काही नाही. दिनकर उतरला, इंदू उतरली, आणि मी उतरले ती एक वहाण पायात आणि दुसरी खडीत. वहाणेचा अंगठाच तुटला. पोशी आम्हाला न्यायला आली होती, ती पोट धरून हसली. म्हणाली, "मावशे, तुज्या वानंला घाटाचं नाव आयकूनच मरान आलं." मग तिनं स्वतःच्या वहाणा काढून माझ्यापुढं सारल्या. टायरच्या, जाड, काळ्याकुट्ट. ती अनवाणी चालू लागली आणि मी तिच्या वहाणांत फटक फटक करत मागून.

वाट कारवीतून चढते. कारवी वाळली होती आणि अंगाला लागली की खरखर वाजत होती. एका वळणावर दम खायला थांबलो. खाली कर्जतचा सगळा मुलूख पसरलेला. भाताची कापलेली खाचरं, मधून उल्हास नदीची रेघ, आणि समोर माथेरानचा लांबच लांब सपाट डोंगर, कुणी सुरीनं माथा कापल्यासारखा. तुमच्या घोड्यांचं माथेरान ते. तिथून इकडे बघणाऱ्याला हा घाट फक्त हिरवा नाहीतर निळा दिसत असेल. इथे माणूस पडून राहिला तर तिथून कसं दिसावं?

मी हे मनात म्हणत होते, तोवर दिनकर माझ्या पायाशी खाली बसला. म्हणाला, "मावशी, जरा पाय उचला." मी घाबरले, म्हटलं विंचू की काय. त्यानं वहाण हातात घेतली, कड वाकवून बघितली. रबराच्या आत सुताचे थर होते, मोजायला गेलं तर संपेनात. मोटारीच्या टायरला इतके नसतात, म्हणाला. विमान उतरताना चाक आपटतं, म्हणून इतके. मग वहाण परत दिली. पुढची सगळी वाट मी त्या वहाणा घालूनच चढले, दुसरा इलाज नव्हता. पण पाय जड झाला तो झालाच.

वाडीचं नाव मी सांगणार नाही. त्यांनीच नको म्हटलंय. भंगारवाल्यांचा सुळसुळाट झाला आहे, खोपोलीच्या शिळफाट्याच्या बाजारात त्यांना वास लागला की ते डोंगरही उकरतील. कुडाच्या भिंतींची थोडी घरं, मधे अंगण, कडेला उंबर, एवढं पुरे.

अंगणात वाडीचा म्हातारा कान्हू बसला होता. आम्हाला बघून त्यानं विडी विझवली. दिनकरनं विमानाचं विचारलं तर म्हणाला, "इमान? कसलं इमान? आमच्याकडं इमान-बिमान काय नाय." आणि हे तो ज्यावर बसून बोलत होता, ती पत्र्याची खोलगट खुर्ची जंगलात कुणी सुतारानं केलेली नव्हती. दिनकर खुर्चीकडे बघत राहिला. इंदूनं त्याच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे, आणि तिला कळलं.

पोशी म्हाताऱ्याच्या कानाशी लागली. तो ताडकन उठला. डोक्याचं फडकं सोडून त्यानं खुर्ची पुसली, कडा पुसल्या, आणि म्हणाला, "बस बाय. आमाला ठावं नव्हतं, ही कुनाची बसायची जागा हाय."

मला वाटलं ती बसणार नाही. बसली. दोन्ही हात मांडीवर घेऊन, पाठ टेकून बसली. 

एकदा भीती मोडली तशी घराघरातून एकेक वस्तू यायला लागली. मी असलं प्रदर्शन कुठं पाहिलं नाही. लोखंडी लांबट पेटी आली, तिच्यात कुणी वरी ठेवत होतं. गोळ्यांची पेटी, दिनकर म्हणाला. पेटीवाली म्हणाली, गोळ्यांची असंल, पन उंदराला शिरता येत नाय, सरकारनं अशाच पेट्या वाटाव्या. एक बाटलीसारखं जाड नळकांडं उंबराला टांगलं होतं, बिबट्या आला की ते बडवायचं. त्यात उंचावर श्वास घ्यायची हवा भरलेली असते, असं दिनकरनं सांगितलं, तर कान्हू म्हणाला, "आमी तर तिच्यायला निस्ता आवाजच काढला." काचेसारखा पण काच नव्हे असा एक तुकडा कापून, घासून पोरींनी बोटात अंगठ्या केल्या होत्या. विमानातल्या माणसाच्या डोक्यावरचं झाकण ते. तेलाची टाकी गुरांना पाणी पाजायला. तारेचा दोर ओढ्यावर, पावसात धरून पलीकडे जायला. पत्रा तर घराघरात. आपण ज्याला जर्मनची भांडी म्हणतो तसलाच पांढरा पत्रा. कासारानं ठोकून त्याची परात केलेली, झाकण्या केलेल्या.

कान्हूनं स्वतःच्या घरातून एक गोल घड्याळ आणलं. काटा एका जागी अडकलेला. दिनकर म्हणाला, हे घड्याळ नव्हे, विमान किती उंच आहे ते सांगणारं यंत्र आहे.

"ह्ये फुडं जात नाय ते मला ठावं हाय," कान्हू म्हणाला, "पन मी तरी कुठं जातोय."

सगळे हसले. इंदूही हसली, जरा उशिरा.

दिनकर एकेक वस्तू हातात घेई, उलटी करी, नाव सांगे आणि शेजारी मांडून ठेवी. हळूहळू त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, मावशी, जात तीच आहे. माधवचं होतं त्याच जातीचं विमान. पण ह्या जातीची शेकडो होती. ह्या सगळ्यात एकही वस्तू अशी नाही की जिच्यावरून मी शपथ घेईन. पातं लागेल.

दुपारी पोपटी केली आमच्यासाठी. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मीठ, ओवा, असं मडक्यात ठासून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. मी चेष्टेनं म्हटलं, एवढा विमानाचा पत्रा आहे तर त्याच्या डब्यात का नाही करत? पोशी म्हणाली, केली होती एकदा. पत्र्यात वाल रडतात. मातीतच गप बसतात. शेंगा खाल्ल्या, नाचणीची भाकरी खाल्ली. दिनकरनं एक शेंग हातात धरली होती ती शेवटपर्यंत सोलली नाही.

जेवण झाल्यावर त्यानं कान्हूला विचारलं, विमानाच्या तोंडाचा पंखा कुठं गेला? तीन पाती असतील, एवढी लांब.

 बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग पोशीची सासू, जानीआय म्हणतात तिला, ती भिंतीशी बसली होती ती बोलली. दोन पाती दरीत गेली, ती कुणाच्या हाती लागली नाहीत. एक मिळालं. विमानाजवळ माणूस मिळाला, त्याच्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळा पावसाळा त्याच्यावरून गेला होता. त्याची माती केली. बाराव्याला वाडीनं भात शिजवून त्याच्या नावानं ठेवला, आणि नाव ठाऊक नव्हतं म्हणून 'वरून आलेला' असं म्हटलं. मग ते पातं त्याच्या डोक्याशी उभं पुरलं.

"असा अवेळी गेलेला गडी, त्याचा वीर बसवावा लागतो, बाय," जानीआय इंदूला म्हणाली. "नायतर तो फिरत राहातो. आमी बसवला. मंग तो गप झाला."

वाडीच्या मागे चार पावलांवर पळसाखाली वीर होता. बायांनो, मी खूप देव पाहिले, पण हा पाहिला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. माणसापेक्षा थोडं उंच, टोकाशी जरा वाकलेलं, खाली रुंद वर निमुळतं, आणि अंगभर शेंदूर. बोटाच्या पेराएवढा जाड थर. सणाला, लग्नाला, पहिल्या भाताला, पोर आजारी पडलं तरी, वाडीनं तेलात कालवून शेंदूर थापला होता. पात्याला कडा अशा उरल्याच नव्हत्या. दिनकरनं बोट फिरवून बघितलं, लागला तो शेंदूरच.

त्यानं खिशातून चाकू काढला. कान्हूनं त्याचा हात धरला.

मग जे बोलणं झालं ते तापलं. कान्हूचं म्हणणं असं की वीराचा शेंदूर माणसानं काढायचा नसतो. तो स्वतः खोळ, म्हणजे साचलेल्या शेंदराचा थर, टाकतो, कधी टाकायची ते त्याचं तो ठरवतो. दिनकर म्हणाला, हे विमानाचं पातं आहे. कान्हू म्हणाला, तुमच्यात असंल, आमच्यात वीर हाय. तुमी शेंदऱ्या मारुतीला धोंडा म्हनता का? दिनकरनं चाकू मिटला. 

शेवटी जानीआयनंच वाट काढली. एक रीत आहे म्हणाली. वीराच्या रक्ताचं किंवा कुंकवाचं माणूस आलं, तर त्यानं आपल्या हातानं खोळ सोडवावी. पण एकदा हात लावला की तो वीर त्याचा. ज्यानं सोडवलं त्यानंच पुन्हा शेंदूर घालायचा, आणि दर वर्षाला येऊन घालायचा. दुसऱ्याच्या हाताचा मग चालत नाही.

आता बघा, पोरीची कशी कोंडी झाली. हा आपला आहे की नाही एवढंच तिला हवं होतं. आणि ते कळण्याआधी हा माझा आहे म्हणून हात लावायचा. कान्हू तिला स्पष्ट म्हणाला, "लावलास हात नि मंग म्हनालीस आमचा नाय, तर तो उघडा पडंल गं. वाडीचाबी नाय, तुजाबी नाय."

मी इंदूला म्हटलं, चल परत. एवढ्या खुणा जुळल्या आहेत, तोच असेल असं धरून चल. ती म्हणाली, सासूबाई धरणार नाहीत, मावशी. आणि मीही नाही.

तिनं सासूबाईंचा नारळ वीरापुढे फोडला. सांगायला सांगितलं होतं ते सांगितलं की नाही कुणास ठाऊक, ओठ हललेले मला दिसले नाहीत. मग पदर खोचला, जानीआयनं दिलेलं तेल पात्यावर ओतलं, आणि टाचा उंचावून करवंटीच्या तुकड्यानं वरून खाली खरवडायला लागली. शेंदूर पापुद्र्यांनी निघत होता, वरचा लाल, आतला काळसर, अगदी आतला फिका. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. वाडीतली माणसं लांब उभी होती, बायांनी मान फिरवली होती, उघड्या माणसाकडे बघू नये तशी.

कड मोकळी झाली. दिनकर पुढे झाला. त्यानं अंगठा कडेवरून वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला. पलीकडची कडही चाचपली. मग तळव्यानं पुसून, डोळा लावून बघितलं. कड सरळ होती. कोऱ्या सुरीसारखी, टोकापासून बुडापर्यंत कुठं खळगा नाही, कानस लागल्याची खूण नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "हे आपलं नव्हे."

इंदू तशीच उभी राहिली, हात पुढे धरून.  वाऱ्यानं शेंदराचे पापुद्रे खाली सरकत होते, तेवढाच आवाज.

मला वाटलं आता कान्हू भडकणार. तो भडकला नाही. खाली बसला आणि पापुद्रे गोळा करून पळसाच्या पानात घालू लागला. जानीआय इंदूजवळ आली आणि म्हणाली, "नसला तरी आता तुजा हाय. उघडा ठेवू नको."

मग शेंदूर आला, तेल आलं. इंदूनं पसरट दगडावर कालवला आणि पात्याला तळव्यानं लावला, बुडापासून वर. टाचा उंचावूनही टोकाला तळवा नीट टेकेना तेव्हा दिनकरनं तिला आणून दिली ती तीच खोलगट खुर्ची. तिच्यावर चढून तिनं टोक झाकलं. एका अनोळखी माणसाला, बायांनो, आपल्या माणसाला न्हाऊ घालावं तसं तिनं केलं. मी पुढे होऊन मदत करायला गेले तर जानीआयनं मला मागे ओढलं. दुसऱ्याचा हात चालत नव्हता.

उतरताना पोशीनं मला वहाणा ठेवून घे म्हटलं. मी परत दिल्या. तुटकी वहाण कारवीच्या सालीनं बांधून घेतली आणि लंगडत उतरले. दिनकर पुढे निघून गेला होता. त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं की त्याला सुटल्यासारखं वाटतंय की अडकल्यासारखं. त्याची टोचणी त्याच्यापाशीच राहिली. मघाच्या वळणावर इंदू थांबली. ऊन कलतं झालं होतं, माथेरानच्या माथ्यावर तांबूस पट्टा पडला होता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मावशी, तो निघाला असता तर बरं झालं असतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? असं बोललीस म्हणून रागवायला हवं होतं, मी वडीलधारी. पण ती खरं तेच बोलली होती.

ठाकुरवाडीला गाडीची वाट बघत आम्ही तिघं खडीवर बसलो. तिच्या नखांत शेंदूर होता. कर्जतला नळाखाली तिनं हात धुतले, तरी गेला नाही.

मी तिच्याबरोबर दादरपर्यंत गेले. सासूबाईंनी दार उघडलं, आमच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारायच्या आधी दिनकर म्हणाला, आपलं विमान नव्हतं. त्या माऊलीनं देवाजवळ जाऊन दिवा लावला. चाळीत साखर वाटली. माझा माधव आहे, मी म्हटलं नव्हतं? घरोघर सांगून आल्या. त्या रात्रीही पान मांडलं. इंदूनंच मांडलं, रांगोळीची रेघ ओढून.

ह्या गोष्टीनंतरचा हा दुसरा हिवाळा. इंदू खिडकीशीच आहे. पुण्याची जागा कधीच दुसऱ्या मुलीला गेली. पण थंडी पडली की ती खालापूरला माझ्याकडे येते, सासूबाईंना सांगते मावशीला बरं नसतं, आणि आम्ही दोघी वर जातो. ती शेंदूर कालवते, लावते, कान्हूशी दोन शब्द बोलते, परत येते. गेल्या वर्षी मी तिला विचारलं की तुझा नव्हे हे कळलंय, मग कशाला हा शीण? म्हणाली, मावशी, माझा माधव कुठल्या तरी डोंगरात असेल, तिथं कुणी तरी परकी बाई असं करत असली तर मला चालेल ना?

माझ्या मनाला मात्र वेगळंच टोचतं. आम्ही माधव नाही म्हणून सुटका मानली, साखर वाटली. पण तो कुणीतरी होताच. त्याच्याही घरी तार गेली असेल, तोच एक शब्द लिहिलेली. त्याचीही आई पान मांडत असेल. वाडीनं भीतीनं तोंड मिटलं, त्यांना दोष देववत नाही. लढाईच्या दिवसांत कुणाचं काय झालं असतं सांगता येत नाही. आम्हीही सरकारदरबारी सांगितलं नाही, कारण पहिल्यांदा पातं उपटून नेतील आणि मग विचारतील. अशी सगळ्यांनी आपापल्या परीनं माया केली, आणि त्यातच तो माणूस हरवून गेला.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे, आणि तुम्ही हे आपापल्या माहेरी, सासरी सांगा. कुणाच्या घरचा मुलगा लढाईत एकट्याच्या विमानातून पावसाळ्यात घाटाकडे आला असेल आणि पोचला नसेल, तर त्यांनी खालापूरला माझ्याकडे यावं. बाजारात कुणालाही मावशीचं घर विचारलं की दाखवतील. पात्याच्या कडा सरळ आहेत, टोक तेवढं डावीकडे वाकलेलं आहे. त्यांच्या विमानाची काही खूण त्यांना ठाऊक असेल तर शेंदूर त्यांच्या हातानं निघेल, तो हक्क त्यांचा आहे. इंदूचा थर अजून पातळ आहे, नखानंही सुटेल. तिनं कुणाचं तरी माणूस सांभाळून ठेवलंय, तिलाही कधीतरी ते ज्याचं त्याला देऊ दे. वाट कठीण नाही, मी चढते तर तुम्हीही चढाल. जेवायला माझ्याकडे थांबा, करांदे उकडून ठेवते. पण या, आणि ह्याच थंडीत या.